मुसीकाठची हजेरी

पहाटे ५.१०

हैदराबादेत मलकपेठच्या गंज बाजारात कांद्याचे ट्रक रिकामे व्हायला लागलेत. पाट्या एमएच १३, एमएच १५, एमएच १७. सोलापूर, नाशिक, श्रीरामपूर. हमाल पाठीवर गोणपाट टाकून ताडपत्र्या सोडतायत. रात्रीची गार हवा अजून आहे, पण मार्च लागलाय. आठनंतर ती राहणार नाही.

मागच्या गल्लीत एक बाई डबा बांधून उभी आहे. देगलूर तालुक्यातली. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. "नाव लिहू नगा," म्हणाली, म्हणून आपण मावशीच म्हणू. नवरा पायरीवर बसून गमबुटात पाय घालतोय. त्याला ती मालक म्हणते. गमबुटाचा जोड एकच आहे, तो मालकाला. तिच्या पायात प्लास्टिकची चप्पल.

डब्यात ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे. कांदे गंजातलेच. पोत्यातून सांडलेले, झाडून गोळा केलेले, दहा रुपयांना ढीग.

५.४०

मोठ्या रस्त्यावर मजुरांचा अड्डा भरलाय. मेट्रोच्या खांबाखाली गवंडी थापी पुढे ठेवून बसलेत, बिगारी फावडं. बिगाऱ्याचा आजचा भाव आठशे. मावशी आणि मालक तिथे थांबत नाहीत. त्यांचा मेस्त्री ठरलेला आहे. तो गड्याला सातशे देतो, बाईला पाचशे.

"अड्ड्यावर आठशे हायत की," मी म्हणतो.

"हायत. आठवड्यात चार दिवस. बाकीचे तीन दिवस घरी बसून रस्ता बघायचा," मालक म्हणतात. "हितं रोज हाय. मार्चपर्यंत तर नक्की."

मेस्त्रीचा ट्रॉली ऑटो येतो. आत आधीच सहा जण आहेत. पाच महबूबनगरकडचे तेलुगू, एक ओडिशाचा पोरगा. मेस्त्री मावशींना अक्का म्हणतो. हजेरीची वही त्याच्या शर्टाच्या आत, पोटाशी. पावसात भिजू नये म्हणून लागलेली सवय, मार्चातही सुटलेली नाही.

६.१५

मुसारामबागचा पूल. अलीकडे मलकपेठ, पलीकडे अंबरपेठ, मध्ये मुसी. विकाराबादजवळ अनंतगिरीच्या जंगलात ही नदी उगवते आणि वाडपल्लीला कृष्णेला मिळते. २८ सप्टेंबर १९०८ ला हिनं अर्धं हैदराबाद धुऊन नेलं. मग वरच्या अंगाला दोन धरणं झाली, १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर. आता पाऊसकाळात धरणाचे दरवाजे उघडले की पूर, आणि बाकीचे महिने शहराचं सांडपाणी. २०२२ च्या जुलैत पाणी इथल्या सखल पुलावरून गेलं होतं.

आज पाणी दिसतच नाही. काठापासून काठापर्यंत हिरवं. गुडघाभर उंच, जाड, चकचकीत पानं. देठ फुगीर. मध्येच जांभळ्या फुलांचे तुरे, वरच्या पाकळीवर पिवळा टिळा. ज्याला वास येत नाही त्यानं इथे पुलावर उभं राहून फोटो काढावा. लोक काढतातही. एक मोटारसायकलवाला थांबला, बायकोला कठड्याशी उभी केली, दोन फोटो घेतले, नाकाला रुमाल लावून निघून गेला.

ही जलपर्णी. तेलुगूत हिला गुर्रपु डेक्का म्हणतात, घोड्याचा खूर. पानाचा आकार बघितला की पटतं.

६.४०

सामान उतरतं. दहा फुटी बांबूला लोखंडी आकडे बांधलेले, असे चार. लांब दांड्याची दाताळी, तीन. कोयते. नायलॉनचा दोर, दोन बंडलं. थर्माकोलच्या जाड लाद्या चार-चार एकत्र बांधून, वर फळी ठोकून केलेले दोन तराफे. लाकडी नाव इथे चालत नाही. जलपर्णीत रुतते आणि दोघांना ओढताही येत नाही. थर्माकोल हलकं, वरून सरकतं. कोपरे उंदरांनी कुरतडलेत.

हातमोजे मेस्त्री महिन्याला एक जोड देतो. जोड आठवड्यात फाटतो. पुढचे साठ रुपये स्वतःचे. मावशींनी यावर तोड काढलीय. जुन्या सॉक्सवर प्लास्टिकची पिशवी, त्यावर दुसरा सॉक्स, मनगटाशी सुतळी. बोटं नीट वळत नाहीत, पण दांडा धरायला बोटं फार लागत नाहीत, म्हणतात.

७.००

मालक आणि ओडिशाचा पोरगा तराफ्यावर. दोघं पालथे पडून हातांनी पानं मागे लोटत आत जातात. वीसेक फूट गेल्यावर मालक गुडघ्यांवर उठतात आणि कोयता चालवायला लागतात. जलपर्णी एकेकटी नसते. प्रत्येक रोपाला आडवा धागा, धाग्याला पुढचं रोप, त्याला पुढचं. सगळी एकमेकांना धरून असतात, नुसती ओढून तुटत नाहीत. म्हणून आधी चौकोन कापायचा. खोलीभर रुंद. कापलेल्या चौकोनात आकडा अडकवायचा, आकड्याला दोर, आणि दोराचं टोक काठावर फेकायचं.

काठावर सहा जण दोर धरतात. मेस्त्री ओरडतो, "हैलेस्सा!" मावशी आपल्या पट्टीत "हैसो" म्हणतात. चौकोन हलत नाही. पुन्हा. मग एकदम सुटतो आणि काठाकडे यायला लागतो, खालून काळं पाणी उघडं पडतं, आणि तो वास. डोळ्यांत पाणी येतं. मी दोन पावलं मागे सरकतो. बाकी कोणी सरकत नाही.

चौकोन काठाला लागला की दाताळ्याचं काम. मावशी दाताळं मारतात, ओढतात, वर टाकतात. रोपाच्या खाली हातभर मुळांचा झुपका, काळाजांभळा, केसाळ. त्यात अडकून काय काय येतं: साडीचा तुकडा, दुधाच्या पिशव्या, चपला, इंजेक्शनच्या सुया, गणपतीचा एक हात. सुयांसाठी वेगळा डबा आहे. रंगाचा रिकामा डबा, झाकण मोडलेलं.

ओली जलपर्णी म्हणजे शंभर किलोत नव्वद किलोंच्या वर नुसतं पाणी. ते पाणी वर चढवायचे पैसे आहेत हे.

८.२०

पोरानं एक तुरा खुडून कानामागे लावलाय. पोरं हसतायत. याच फुलापायी ही इथवर आली. मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या खोऱ्यातली. तिथे तिला खाणारे किडे आहेत, पूर आहे, ती आपल्या मर्यादेत राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी हौसेनं बंगालमध्ये आणली, बागेतल्या तळ्यात शोभेल म्हणून. वीस-पंचवीस वर्षांत तिनं बंगालच्या नद्या, खाड्या, भातखाचरं भरून टाकली. नावा अडल्या, मासे मेले. सरकारनं १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये खास जलपर्णीसाठी कायदा केला, ती आपल्या जागेत ठेवायलाच बंदी. १९३७ च्या निवडणुकीत तिथल्या पक्षांनी जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवायचं वचन दिलं. वचन देणारे गेले. ती पुण्यात पवनेत आहे, मुळा-मुठेत आहे.

"आमच्या नांदेडला गोदावरीतबी हाय," मावशी दाताळं न थांबवता म्हणतात. "हितं जरा ताजी हाय."

ताजी असणारच. खायला भरपूर आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे हिला खतच. बेत जमला तर पंधरवड्यात दुप्पट होते. आज कापलेल्या चौकोनाच्या कडेला जो धागा तुटून राहिला, तोही नवं रोप देतो. आणि फूल वाळलं की बी खाली चिखलात जातं. तिथे ते वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं.

९.३०

चहा. पुलाच्या टोकाला टपरी आहे, कप दहा रुपये. इराणी हॉटेलात वीस, पण तिथे या कपड्यांनी कोणी बसू देत नाही. मेस्त्री सगळ्यांचे पैसे देतो आणि वहीत मांडतो. मांडतो म्हणजे संध्याकाळी कापतो.

टपरीवर दुसरं एक गिऱ्हाईक आहे. चाळिशीचा, लुंगी, खांद्यावर विळा. मुसीच्या पलीकडच्या काठावर त्याचा गवताचा तुकडा आहे. तोही पहाटेपासून कापतोय. त्याच्या हाताखाली दोन बायका पेंढ्या बांधतायत. हे पॅरा गवत. मूळ आफ्रिकेचं, नाव ब्राझीलच्या पारा प्रांताचं, आणि राहायला मुसीकाठी. पाण्यात पाय ठेवून वाढतं. कांडी जमिनीला टेकली की तिथे मूळ धरते. ओढ्या-तळ्यांच्या काठी एकदा शिरलं की दुसऱ्या गवताला जागा ठेवत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियात पाणथळ जागा सांभाळणारे लोक त्याच्या मागे हात धुऊन लागलेत. इथे मात्र ते मुद्दाम लावतात. शहरातल्या म्हशींना बारा महिने हिरवा चारा दुसरीकडून कुठून यायचा?

"महिन्याला एक कापणी," तो दक्खनीत सांगतो. पेंढी तबेल्यात पंचवीस रुपयांना जाते. देवळासमोर गाईला घालायला बायका छोट्या जुड्या करून विकतात, जुडी वीस. पाणी फुकट. खत पाण्यातच. "नदी साफ होगी तो मेरा क्या होगा?" असं म्हणून तो हसतो, पण फार नाही.

या पाण्यावरच्या गवतात आणि ते खाणाऱ्या जनावरांच्या दुधात जड धातू किती उतरतात याचे अभ्यास हैदराबादेत झालेले आहेत. टपरीवाल्याला दूध कुठलं ते मी विचारलं नाही. चहा चांगला होता.

११.००

पोकलेन आलं. लांब हाताचं. ऑपरेटर काच वर करून, पंखा लावून बसलाय. काठाशी नीट जागा घेईपर्यंत त्यानं पंधरा मिनिटं घेतली, आणि मग बघता बघता तेवढं उचललं जेवढं सहा माणसांनी साडेसातपासून उचललं होतं. मेस्त्रीचा चेहरा खुलला. बाकीच्यांचा नाही.

पण पोकलेनचा हात चाळीस-पन्नास फुटांच्या पुढे जात नाही. नदीचं मधलं त्याला झेपत नाही. पाण्यावर तरंगत जाऊन गोळा करणारं यंत्रही महापालिकेकडे आहे. त्याच्या पट्ट्यात साड्या अडकतात, वायरी अडकतात, मग कोयता घेऊन कोणीतरी आत शिरावंच लागतं. तलावात ते बरं चालतं. इथे, जिथे पाणी कमी आणि गाळ जास्त, तिथे थर्माकोल आणि मालक.

वाटणी ठरते. काठाचं यंत्राला, मधलं माणसाला. म्हणजे सोपं यंत्राला.

मधला एक मोठा तुकडा दोर बांधायच्या आत सुटला. पुलाखालून सरकत, हळूहळू, फुलांसकट खाली निघाला. पोरगा तराफ्यावरून आकडा घेऊन झेपावला. मेस्त्रीनं हात हलवला, जाऊ दे. खाली नागोल आहे. तिथे दुसरा मेस्त्री आहे.

१२.४५

जेवण. सावली वेड्या बाभळीची. हातपाय धुवायला पाच लिटरचा कॅन, माणशी एक लोटा. मावशी आधी साबणाच्या वडीनं कोपरापर्यंत घासतात, मग खोबरेलाची दहा रुपयांची पुडी फोडून अर्धी आपल्या हाताला, अर्धी मालकांच्या पायाला. पोटऱ्यांवर लाल चकंदळं उठलीत. खाज रात्री जास्त येते म्हणतात. दवाखान्यात एकदा जाऊन आले. मलम दिलं, आणि पाण्यात जाऊ नका म्हणून सांगितलं.

भाकरी, चटणी, हातानं फोडलेला कांदा. तेलुगू मंडळींकडे भात आणि गोंगुऱ्याची चटणी. वाटीतून वाटीत देवाणघेवाण. गोंगुरा म्हणजे अंबाडी, मावशींच्या ओळखीची भाजी. त्यांच्या मते ही मंडळी तिच्यात तिखट जास्त आणि अक्कल कमी घालतात. त्या तेलुगू बायकांना तसं मराठीत सांगतात. त्या तेलुगूत काहीतरी उत्तर देतात. दोन्ही बाजू हसतात.

हिशेब निघतो. खोलीभाडं साडेतीन हजार. लाइटबिल वेगळं. पाच किलोचा छोटा सिलिंडर. दोन फोनचं रिचार्ज. गावाकडे पतसंस्थेचा हप्ता, लेकीच्या लग्नातला, दर महिन्याला चार हजार. दोघांचे मिळून दिवसाला बाराशे, महिन्याला सव्वीस हजेऱ्या भरल्या तर. आजारपण, सण, मेस्त्रीची सुट्टी धरली तर बावीस-तेवीस भरतात. पुढचं गणित मावशींना तोंडपाठ आहे, पण त्या ते सांगत नाहीत. डबा घासायला घेतात.

ज्या बाभळीखाली बसलोय तीही इथली नव्हे. जमैकातून बी मागवून १८७७ मध्ये कडप्पा जिल्ह्यात पेरली, जळणासाठी. तेलुगूत हिला सरकार तुम्मा म्हणतात. सरकारनं आणलेली बाभूळ, लोकांनी हिशेब बरोबर ठेवलाय. मुसीकाठी हिचं रान झालंय. टपरीवाल्याचं जळण हीच. पलीकडे उकिरड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत आहे, १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं, आपलं काँग्रेस गवत. एका नजरेत तीन खंडांतल्या वनस्पती. इथली म्हणावी अशी एक शोधायला मला बराच वेळ लागला. पुलाच्या फटीत पिंपळ होता.

२.००

ऊन. थर्माकोल पत्र्यासारखं तापत नाही, एवढं एक बरं. पण पाण्यावरची वाफ खालून आणि ऊन वरून. मालक डोक्यावर ओला टॉवेल टाकून काम करतायत. दर अर्ध्या तासानं माणसं बदलायची असं ठरलेलं आहे. मालक उतरत नाहीत. पोरगा नवीन आहे, पाण्यात दिवड निघाली की ओरडतो. दिवड चावली तरी विष नसतं, हे त्याला सकाळपासून चार जणांनी चार भाषांत सांगून झालंय.

महापालिकेच्या कीटकशास्त्र विभागाचा एक माणूस स्कूटरवरून येतो. हातात लांब दांड्याचा पांढरा डाव. जिथून जलपर्णी काढलीय तिथे एक डाव पाणी घेतो, जिथे अजून आहे तिथे एक. दुसऱ्या डावात अळ्या वळवळतायत, मोजत बसायची गरज नाही इतक्या. तो तरीही मोजतो आणि फोनवर फोटो पाठवतो. हे क्युलेक्स डास. घाण, साचलेलं पाणी यांना मानवतं. हत्तीरोग पसरवतात. वर पानांचं छप्पर असलं की औषध फवारलं तरी पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि पाणी वाहत नसल्यानं अळी निवांत. म्हणून आधी जलपर्णी काढायची, मग औषध. मॅन्सोनिया नावाची डासाची दुसरी एक जात आहे, तिची अळी तर श्वासाला वरही येत नाही. जलपर्णीच्या मुळात नळी खुपसून तिथूनच हवा घेते.

याच शहरात, सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू बघितला. त्यामुळे डासांच्या बाबतीत हैदराबादला अज्ञानाची सबब नाही.

मी त्या माणसाला किड्यांबद्दल विचारतो. जलपर्णी खाणारे निओकेटिना जातीचे भुंगे १९८० च्या दशकात बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी परदेशातून आणून तिथल्या तळ्यांत सोडले. काही तळी त्यांनी खरंच मोकळी केली.

"ते पानावर बारीक डाग पाडतात, हळूहळू झाड बसतं," तो म्हणतो. "पण दोन-तीन वर्षं लागतात. इथे तक्रार आज येते, फोटो उद्या पाहिजे."

माझं मत विचाराल तर निम्मा रोग त्या फोटोत आहे. पण फोटो नसता तर मावशींची हजेरीही नसती. तेव्हा मत आपल्यापाशी ठेवलेलं बरं.

३.३०

वारा पडला. ढीग वाढलाय. काठावर माणसापेक्षा उंच, पन्नास पावलं लांब. याचं खत का करत नाही, असं सगळेच विचारतात. गांडुळखत होतं, टोपल्या विणतात, बायोगॅसला घालतात. हे सगळं खरं आहे आणि चांगल्या पाण्यातल्या जलपर्णीला लागू आहे. ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, क्रोमियम मुळांत ओढून घेते. मुसीत वरून काय काय येतं ते बघता हिचं खत भाजीला घालण्याआधी प्रयोगशाळा गाठावी लागेल. तेवढं कोण करतंय. दोन-तीन दिवस ढीग निथळू द्यायचा, म्हणजे वजन उतरतं, आणि टिपरनं कचरा डेपोत.

इथून खाली अंबरपेठला सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. दिवसाला ३३९ दशलक्ष लिटर घेण्याची त्याची ताकद. तेलुगू बायांपैकी एक तिथे आधी साफसफाईला होती. तिथलं काम बरं होतं, म्हणते, सावली होती.

काठावरच्या काही घरांच्या भिंतींवर २०२४ च्या सप्टेंबरात लाल रंगानं इंग्रजी अक्षरं लिहिली गेली होती: आरबी-एक्स. म्हणजे घर नदीपात्रात आहे. मुसीकाठ सुशोभित करायची मोठी योजना आहे. चादरघाटपासून खाली बरीच कुटुंबं उठली, काहींना मलकपेठच्या सरकारी डबल बेडरूम घरांच्या इमारतींत जागा मिळाली. आपली खोली नदीपासून लांब आहे, हे मावशी दोनदा सांगतात.

४.४५

परवाचा ढीग न्यायला टिपर आला. पोकलेन भरतं, माणसं सांडलेलं वर फेकतात. ड्रायव्हरला घाई आहे. संध्याकाळी शहरात अवजड गाड्यांना अडवतात, त्याला वळसा पडतो. भरून निघाला तेव्हा मागून पाण्याची धार. रस्त्यावर ओली रेघ पार नाक्यापर्यंत. मागचे मोटारसायकलवाले शिव्या देतात, टिपरला ऐकू जात नाही.

मावशींच्या दाताळ्याचा एक दात तुटला. बाटलीवर आपटला. वेल्डिंगचे चाळीस रुपये. कोणाचे, यावर मेस्त्रीशी थोडं बोलणं होतं. मेस्त्री तेलुगूत, मावशी मराठीत, मध्ये हिंदीचे शब्द. वीस-वीस ठरतात.

५.३०

सुट्टी. तराफे काठावर ओढून बाभळीला साखळीनं बांधतात. थर्माकोल चोरीला जातं, मासळीवाल्यांना लागतं. नदीकडे बघितलं तर सकाळी जिथे नुसतं हिरवं होतं तिथे आता काळ्या पाण्याचा पट्टा आहे. रुंद, पुलाच्या दोन कमानींएवढा. त्यात आकाश दिसतं आणि फेसही. बगळे येऊन बसलेत.

हजेरी. मालक सातशे, मावशी पाचशे. वजा चहा दोन वेळचा, दोघांचा, चाळीस. वजा वेल्डिंग वीस. हातात अकराशे चाळीस. त्यातले आठशेच मिळतात, बाकी शनिवारी. मेस्त्री प्रत्येकाचं थोडं मागे ठेवतो, म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर जात नाही. मावशी नोटा मोजून मालकांकडे देत नाहीत, कमरेच्या पिशवीत ठेवतात.

६.१५

परत मलकपेठ, चालत. ऑटोचे वीस रुपये वाचतात. दुभाजकावर कोनोकार्पसची हिरवीगार रांग आहे, महापालिकेची माणसं कात्रीनं डोकी सारखी करतायत. हेही बाहेरचं झाड. झटपट वाढतं, जनावर तोंड लावत नाही, फोटोत छान येतं. परागकणांचा त्रास आणि जमिनीखाली पाइपात शिरणारी मुळं, या कारणांनी गुजरातनं २०२३ मध्ये ते लावायला बंदी केली. मावशींना ते आवडतं. "स्वच्छ असतंय. वास नाही, काटा नाही."

गंजाच्या फाटकाशी गोल्टी कांदा पंधरा रुपये किलो. पोत्यावर लासलगावच्या व्यापाऱ्याचा शिक्का. दोन किलो घेतात. किलोभर टोमॅटो वीस. कोथिंबिरीची जुडी फुकट मागतात. मिळत नाही, पाचला घेतात.

७.००

डास उतरले. खरंच उतरतात, एकदम, दिवे लागायच्या सुमाराला. मुसीपासून मलकपेठपर्यंत त्यांना फार लांब उडावं लागत नाही. गल्लीत धुराचं मशीन फिरतं. पोरं त्याच्या मागे धावतात, म्हातारी माणसं दारं लावून घेतात. धूर विरला की पुन्हा तेच. मावशींच्या खोलीत कॉइल जळते. एक कॉइल, एक रात्र. महिन्याकाठी शंभर-सव्वाशे रुपये कॉइलचेच होतात. जलपर्णी काढून दोघं जे मिळवतात त्यातले.

मालक पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून बसलेत. फोनवर गावाकडचा भाऊ आहे. हळद काढायला माणूस मिळत नाही, चारशे देऊनही कोणी येत नाही, तुम्ही कधी येता, असं विचारतोय. मालक मावशींकडे बघतात. मावशी कणीक मळतायत. आज भाकरी नाही, पोळी. हात दुखला की भाकरी थापवत नाही.

"मेस्त्रीला इचारा आधी," त्या म्हणतात.

मेस्त्रीचं उत्तर दुपारीच मिळालेलं आहे. कंत्राट ३१ मार्चला संपतं. पुढची निविदा पावसाळ्याआधी निघते, कधी मे, कधी जून. तोवर या पट्ट्यात कोणी उतरणार नाही. एप्रिलच्या तिकिटाचे पैसे मावशींनी बाजूला काढून ठेवलेत, देगलूरपर्यंत दोघांचे.